कोऱ्या बाटलीचा वास

सोमवार, ४ ऑक्टोबर

वही नवी, खोली नवी, नोकरी नवी. म्हणून सुरुवात चांगल्या अक्षरात करतो.

खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी, एक टेबल, भिंतीतलं कपाट आणि खाटा दोन. आधी इथे दोन भाडेकरू राहत असत. घरमालकीण मावशी म्हणाल्या की दुसरी खाट नको असेल तर नेते खाली, पण नेणार कोण, माझे गुडघे? मी म्हटलं राहू द्या, कपडे ठेवायला होईल. त्यांनी चहा पाजला आणि माझ्या चपलांकडे बघून, मुलगा टापटिपीचा दिसतो, असं स्वतःशीच म्हणाल्या. मला बरं वाटलं.

नोकरी वासाच्या प्रयोगशाळेत आहे. खोलीपासून चालत बारा मिनिटं. माणसांना कोणता वास आवडतो, कोणता आवडत नाही आणि का, याचा तिथे अभ्यास चालतो. माझं काम बाटल्या धुणं, भरणं आणि त्यांवर चिठ्ठ्या लिहिणं. नववीनंतर माझी शाळा सुटली, पण शुद्धलेखन सुटलं नाही. तिथल्या मॅडमनी वीस शब्द लिहायला सांगितले. वीसच्या वीस बरोबर. ‘दुर्गंधी’तला दु ऱ्हस्व लिहिणारा या महिन्यातला तू पहिलाच, असं त्या म्हणाल्या आणि नोकरी दिली.

आधीचा माणूस का सोडून गेला, ते विचारलं. त्याच्या बायकोने म्हणे अट घातली, ती नोकरी राहील नाहीतर मी. दोन महिने बिचारा गॅलरीत जेवत होता.

संध्याकाळी ताईला फोन केला. जेवणाचं काय, अंथरूण-पांघरूण आहे का, सगळं विचारून झाल्यावर ती म्हणाली की बाबा असते तर खूश झाले असते. मी हो म्हणालो. सात महिने झाले.

मंगळवार, ५ ऑक्टोबर

काम समजून घेतलं. विसरू नये म्हणून लिहितो.

बाटल्या तपकिरी काचेच्या, मुठीत मावतील अशा. गरम पाण्याने तीनदा, शुद्ध केलेल्या पाण्याने दोनदा धुवायच्या. मग ओव्हनमध्ये दोन तास. साबण वर्ज्य. मलासुद्धा साबण, तेल, पावडर वर्ज्य. मॅडम म्हणाल्या, इथे तू पाण्यासारखा असायला हवास, ना रंग ना वास. बाटलीत कापसाचा बोळा, त्यावर वासाचे थेंब, बाहेर तीन आकडी नंबर. कोणता नंबर कशाचा, ते फक्त रजिस्टरमध्ये.

हुंगायला सहा माणसं येतात, सहा लहान केबिनींत बसतात. भिंतीतल्या खिडकीतून मी बाटली आत सरकवतो. एक हुंगून झाली की स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला नाक खुपसायचं, मग दुसरी. स्वतःचा वास आपल्या नाकाला जाणवत नाही, म्हणून तिथे नाक ताजं होतं. कागदावर दहा सेंटिमीटरची एक रेघ असते. डाव्या टोकाला ‘अगदी नकोसा’, उजव्या टोकाला ‘हवाहवासा’. जिथे वाटेल तिथे खूण करायची, खाली मनात येईल तो शब्द लिहायचा. मी पट्टी लावून मिलिमीटर मोजतो.

प्रत्येक फेरीत एक बाटली कोरी असते. नुसता स्वच्छ बोळा. कोण खरं हुंगतं आणि कोण उगीच काहीतरी लिहितं, ते तिच्यावरून कळतं.

तीन नंबरच्या केबिनीत निवृत्त नर्स बसतात. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. त्यांचं नाक सर्वांत तिखट. चार नंबरला बसचे ड्रायव्हर आहेत, ते बाटल्यांपेक्षा माणसांवरच जास्त शेरे मारतात. माझं मोत्यासारखं अक्षर बघून त्यांनी मला मोती हाक मारायला सुरुवात केली. कुत्र्याचं नाव आहे, पण नाकाच्या धंद्याला शोभतं, असंही वर म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

शुक्रवार, ८ ऑक्टोबर

आज जे पाहिलं ते कुणाला सांगितलं तर पटायचं नाही.

परवा एका बाटलीवर मी ‘मुरलेलं चीज’ अशी चिठ्ठी लावली होती. सहा जणांची सरासरी ७१ मिलिमीटर आली. ड्रायव्हरकाकांनी तर जेवणाची सोय आहे का, असं विचारलं. आज तीच बाटली, तोच बोळा, फक्त चिठ्ठी ‘घामट मोजे’. सरासरी १८. काकांनी बाटली बाहेर सरकवून दिली आणि विचारलं, मोती, हे तुझे का?

मॅडमनी समजावलं. वासात चांगलंवाईट काही नसतं. नाक फक्त निरोप आणतं. तो गोड मानायचा की कडू, ते डोकं ठरवतं, आणि डोकं नावाला भुलतं. दुसरी गोष्ट, एकच वास सतत आला तर दहाएक मिनिटांत नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. म्हणून आपल्या घराला कसला वास येतो ते पाहुण्याला विचारावं.

म्हणजे ते सगळं माझ्या चिठ्ठीने झालं. मी घरी येताना वाटेत दोनदा थांबलो.

सोमवार, ११ ऑक्टोबर

मॅडम आज बोलता बोलता म्हणाल्या की आपल्या माणसाच्या घाणीची आपल्याला तितकी किळस येत नाही. आयांना डोळे बांधून लंगोट हुंगायला दिले होते म्हणे. कोणता कुणाच्या बाळाचा ते सांगितलं नव्हतं, तरी प्रत्येकीला आपल्या बाळाचा कमी वाईट वाटला.

मी बाटल्या पुसत होतो. एकच बाटली दोनदा पुसली.

मग नवा प्रयोग. कोऱ्या बाटलीला एखादं घरगुती नाव द्यायचं आणि नसलेला वास लोकांना येतो का ते पाहायचं. मॅडम म्हणाल्या, नाव तूच ठरव, मी ठरवलं तर मला माहीत असेल. मी लिंबू लिहिणार होतो. लेखणी टेकली आणि ‘मलम’ लिहून झालं. इतक्या नीट अक्षरात की खोडवेना.

सहापैकी चौघांना वास आला. ड्रायव्हरकाकांनी कोणतं मलम तेसुद्धा सांगितलं, हिरव्या डबीतलं. मॅडम एकदम खूश. प्रयोग यशस्वी.

मंगळवार, १२ ऑक्टोबर

आज कोऱ्या बाटलीवर नाव नव्हतं. फक्त नंबर, ४१७. बाटली नवी, खोक्यातून काढलेली, कालची नव्हे.

सिस्टरनी रेघेवर अगदी डावीकडे खूण केली, ९ मिलिमीटरवर. खाली लिहिलं होतं, ‘मलम, आणि मलमाखाली काहीतरी’.

मॅडम म्हणाल्या, कालचं डोक्यात राहिलं असेल. मी सगळ्या बाटल्या पुन्हा धुतल्या. ४१७ मी स्वतः हुंगून पाहिली. काहीच नाही. कापूस.

गुरुवार, १४ ऑक्टोबर

ओव्हनमधून ट्रे काढताना एक बाटली निसटली. सुकवायच्या खोलीत आम्ही सपाता घालतो. काचेचा तुकडा डाव्या टाचेत बाजूने शिरला. रक्त बरंच गेलं. मॅडमनी दवाखान्यात जा म्हटलं, मी म्हटलं, एवढ्याशासाठी कशाला. घरी येऊन धुतलं, मलम लावलं, पट्टी बांधली. चार वेढे. सवयीने पट्टीवर पेनाने तारीख घातली.

फुटलेली बाटली ४१७ होती. नंबर जोडून पाहिला.

एक गोष्ट लिहून ठेवतो. मला लागलं ते आज, गुरुवारी. सिस्टरनी ‘मलम’ लिहिलं ते मंगळवारी. तारखा रजिस्टरमध्ये दोनदा तपासल्या. बरोबर आहेत.

शुक्रवार, १५ ऑक्टोबर

कोऱ्या बाटलीत आज तिघांना वास आला. तिघांनीही डावीकडे. ‘ओली गादी’, ‘बंद खोली’, ‘मलम’. तिघांच्या केबिनी वेगळ्या, भिंतीआडचं कुणाला दिसत नाही. मॅडमनी मला बाजूला घेऊन बाटल्या धुण्याबद्दल विचारलं. आवाज चढवला नाही, पण विचारलं. मी सगळी पद्धत पाठ म्हणून दाखवली.

पट्टीवर तारीख घातली.

शनिवार, १६ ऑक्टोबर

सुट्टी. खोलीत बसून आहे. हे कुणाला सांगितलेलं नाही, वहीला सांगतो.

बाबा शेवटचे पाच महिने अंथरुणावर होते. त्यांना साखर होती. पडून पडून डाव्या टाचेला जखम झाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पट्टी रोज बदलायची, आणि जखमेला वास यायला लागला तर एक दिवसही न थांबता घेऊन यायचं. ताई सासरी, दूर. करणारा मी एकटा. पट्टीवर रोज तारीख लिहायची ही माझीच युक्ती, म्हणजे चूक होणार नाही. ताईला त्याचं फार कौतुक.

मला किळस यायची. दुसऱ्या कुणाची आली असती तर गोष्ट वेगळी. स्वतःच्या बापाची. एक दिवस मी पट्टी सोडली नाही, जुन्या तारखेवर चिकटपट्टी लावून नवी तारीख घातली. बाबा माझ्याकडे बघत होते. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. तिसऱ्या दिवशी वास आला. मला आला होता. नीट आला होता. मी ठरवलं की तो मलमाचा आहे. ठरवल्यावर तो मलमाचाच येऊ लागला, आणि दोन-तीन दिवसांनी येईनासाच झाला.

बाबा रोज सकाळी एवढंच विचारायचे, आज पट्टी बदलायची ना रे राजा. मी म्हणायचो, बदलली की कालच, तारीख बघा.

ताईचा फोन यायचा. पट्टी बदलतो का तो, असं ती बाबांना विचारायची. बाबा म्हणायचे, बदलतो गं, रोज बदलतो. माझ्या तोंडाकडे बघत म्हणायचे. कसला वास येतो का, असं तिने मला विचारलं तर मी सांगायचो, मलमाचा.

अकरा दिवस. बाराव्या दिवशी शेजारची बाई दारातच थबकली, पदर नाकाला लावला आणि विचारलं, कधीपासून रे?

ताईला आजही वाटतं की साखरेने गेले.

सोमवार, १८ ऑक्टोबर

पाय दुखायचा थांबला. बरा होतो आहे.

मावशींनी सकाळी खोलीत येऊन खिडकी उघडली. कपाटामागे उंदीर मेलाय, म्हणाल्या, मरायला मेल्याला माझंच घर मिळालं. वाकून वाकून शोधलं. सापडला नाही. दुसऱ्या खाटेजवळ जास्त येतो, असं म्हणाल्या. मला काही येत नाही.

सिस्टरनी जिन्यात गाठलं. घरी कोण आजारी आहे, विचारलं. मी म्हटलं, एकटाच राहतो. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. म्हणाल्या, बाळ, पंचवीस वर्षं वॉर्डात काढली मी, दाखव बघू. मी म्हटलं, मलमाचा वास आहे.

म्हटल्यावर कळलं काय म्हटलं ते.

तारीख घातली.

मंगळवार, १९ ऑक्टोबर

कोऱ्या बाटलीचे आजचे सहा कागद. केबिनीच्या क्रमाने लावले, नेहमी लावतो तसे. वरून खाली वाचले. खाली प्रत्येकाने लिहिलेला एकेक शब्द:

आज
पट्टी
बदलायची
ना
रे
राजा

ड्रायव्हरकाकांनी ‘ना’ लिहिलं होतं. हा कसला वास, असं विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, मोती, मला माहीत नाही, हात चालला आपोआप.

मॅडमना वाटलं मी सगळ्यांना सांगून लिहवून घेतलं. त्या फार रागावल्या. इथे थट्टा चालत नाही, म्हणाल्या. मी पाया पडायला वाकलो, तशा त्या मागे सरकल्या. रागाने नव्हे. हात नाकाकडे गेला होता.

बुधवार, २० ऑक्टोबर

मॅडमनी घरी बसवलं. हे मलम नाही, असं स्पष्ट म्हणाल्या, वीस वर्षं मी वासात काम करते. आजच्या आज डॉक्टरकडे जायचं. मी हो म्हटलं.

आलो आणि खाटेवर बसलो. पट्टी सोडली नाही.

खरं लिहितो. गुरुवारपासून एकदाही सोडली नाही. रोज फक्त तारीख. का, ते कळत नाही. पट्टी बदलायची म्हणून बसतो, पेन हातात येतं. चिकटपट्टी, तारीख, झालं. एवढं सुबक दिसतं की बदलल्यासारखंच वाटतं.

आज सातवा दिवस.

गुरुवार, २१ ऑक्टोबर

थंडी वाजते आहे. दोन्ही पांघरुणं घेतली.

दुसऱ्या खाटेवरचे कपडे मी घडी करून ठेवतो. सकाळी पाहिलं तर मधोमध दबलेले. लांबट. एका टोकाशी उशीएवढा खळगा, दुसऱ्या टोकाशी—

टाचेएवढा.

मावशी म्हणतात उंदीर. म्हणोत.

शुक्रवार, २२ ऑक्टोबर

सिस्टर आल्या होत्या. दार उघडलं नाही. बाहेरून बोलल्या. पाय काळा पडलाय का, विचारलं. मी पाहिलेला नाही, म्हणालो. अजून वाचेल, म्हणाल्या. पण उद्यापर्यंत. पुढचं सांगता यायचं नाही. बराच वेळ उभ्या होत्या. मग मावशींशी बोलताना ऐकलं. ताईचा नंबर मागत होत्या.

दुपारी हाक आली. दुसऱ्या खाटेवरून. रोजचीच.

मी म्हटलं, बदलली की कालच, तारीख बघा.

कुणाला म्हटलं—

अकरा व्हायला अजून दोन.

शनिवार, २३ ऑक्टोबर

सकाळ. ताई निघाली आहे. मावशींनी दारातून सांगितलं.

ठरवलं. सगळं सांगायचं. अकरा दिवस, चिकटपट्टी, मलम. मग पाय दाखवायचा. आज नेलं तर वाचेल. लिहून ठेवतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

पट्टी सोडायला घेतली. मी चार वेढे घातले होते. सात निघाले. अजून आहेत. खालच्यांवर तारखा. अक्षर माझंच. महिना हा नव्हे. फेब्रु—

नाही बघत.

जिना. मावशींची पावलं. मागे हलकी. ताई.

कडी आतून आहे. उठता येत नाही. ती बाहेरूनच विचारते आहे, काय रे, हा कसला वास? पट्टी बदलतोस ना?

नाही, ताई. नाही बदलली. तेव्हाही नाही. दार तोड. एवढंच म्हणायचं आहे. एवढं म्हटलं की—

तोंड उघडलं.

मागून. कपड्यांखालून. दमलेला, तोच, मला सांभाळून घेणारा आवाज—

बदलतो गं, रोज बदल